इंजिन बदलल्यानंतर पिकअपमध्ये उद्भवलेले विजेचे आणि सेन्सरचे दोष: तपासणी कोठून सुरू करावी?

मालवाहू

नमस्कार मंडळी. माझ्या पिकअपचे चार सिलिंडरचे कॉमन रेल डिझेल इंजिन बेअरिंग जाम झाल्यामुळे निकामी झाले. त्याच्या जागी त्याच मालिकेतले, परंतु काही वर्षे नंतरच्या बनावटीचे वापरलेले इंजिन बसवून घेतले आहे. ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि इंजिनावरची सगळी वायरिंग माझ्या गाडीचीच आहे. सेन्सर मात्र नव्या इंजिनाबरोबर आले तेच ठेवले आहेत. यांत्रिक बाजूने इंजिन उत्तम आहे. आवाज नाही, धूर नाही, गळती नाही. तक्रारी आहेत त्या साऱ्या विजेच्या.

एक तर गाडी सुरू करताना सेल्फ पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ मारावा लागतो, मग इंजिन थंड असो वा गरम. दुसरे असे की इंजिन चालू असताना हेडलाइट लावले की तापमानाचा काटा वर सरकतो आणि बंद केले की खाली येतो. तिसरी तक्रार सर्वांत त्रासदायक आहे. भरलेली गाडी चढावर असताना चेक इंजिनचा दिवा लागतो, ताकद एकदम जाते आणि किल्ली बंद करून पुन्हा चालू केल्याखेरीज गाडी ओढत नाही. स्कॅनरवर चार कोड दिसतात: पी०३४१ म्हणजे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सेन्सरचा संकेत अपेक्षेबाहेर, पी०६४२ म्हणजे सेन्सरना मिळणारे संदर्भ व्होल्टेज कमी, पी०१९२ म्हणजे रेल प्रेशर (इंधनाचा दाब) सेन्सरचा संकेत कमी आणि पी०१०७ म्हणजे मॅनिफोल्ड प्रेशर (आत येणाऱ्या हवेचा दाब) सेन्सरचा संकेत कमी.

जेथे काम करून घेतले तेथे सल्ला मिळाला की कोडमध्ये नावे आलेले सगळे सेन्सर बदला आणि तरीही दिवा लागलाच तर ईसीयू बदला. हा सल्ला मानण्यापूर्वी जाणकारांना विचारावे असे वाटले. तपासणी नेमकी कोठून सुरू करावी? माझ्याकडे मल्टीमीटर आणि साधा स्कॅनर आहे.

शून्य ओहम

कोड पुसले नसतील तर पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमसह लिहून ठेवा. दिवा लागला त्या क्षणी इंजिनाचे फेरे, तापमान आणि भार किती होता याची नोंद त्यात असते आणि कोड पुसले की तीही जाते.

आता तुमच्या चार कोडांबद्दल. चार कोड म्हणजे चार दोष नव्हेत. ईसीयू अनेक सेन्सरना पाच व्होल्टचा एक सामायिक पुरवठा देतो. ती एक तार कोठे शॉर्ट झाली, किंवा तिच्यावरचा एक सेन्सर आतून शॉर्ट झाला, की त्या पुरवठ्यावरचे सगळे सेन्सर एकदम खोटे बोलू लागतात. रेल प्रेशर सेन्सर शून्य दाबालाही साधारण अर्धा व्होल्ट देत असतो. त्याहून कमी संकेत आला म्हणजे दाब कमी नसून वीज कमी आहे असाच अर्थ घ्यावा. म्हणून पी०६४२ हा मूळ कोड आणि पी०१९२ व पी०१०७ ही त्याची पिलावळ, असे मी धरून चालेन. मूळ सोडून पिलावळीवर खर्च करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पी०३४१ मात्र वेगळा ठेवा. तो या कुटुंबातला असेलच असे नाही.

तांब्याची तार

शून्य ओहम यांच्याशी सहमत आहे, परंतु पाच व्होल्टकडे वळण्यापूर्वी अर्थिंग, म्हणजे विजेची परतीची वाट, तपासावे असे माझे ठाम मत आहे, कारण हेडलाइट लावल्यावर हलणारा काटा स्वतःच दोषाचा पत्ता सांगतो आहे.

आल्टरनेटर इंजिनावर बसलेला असतो. तो हेडलाइटला वीज पुरवतो तेव्हा तो प्रवाह दिव्यांतून चॅसीत येतो आणि चॅसीतून अर्थच्या पट्टीने इंजिनात, म्हणजे आल्टरनेटरच्या अंगात परततो. ती पट्टी नीट बसलेली नसेल तर इंजिनाचा ब्लॉक चॅसीच्या मानाने किंचित ऋण होतो. काट्यासाठी असलेला एकतारी सेन्सर स्वतःचे अर्थिंग ब्लॉकमधूनच घेतो. ब्लॉक ऋण झाला की त्याच्यातून प्रवाह जास्त वाहतो आणि काट्याला वाटते की पाणी तापले. सेल्फ मारताना याच्या नेमके उलट घडते: स्टार्टरचा प्रवाह ब्लॉकमधून बॅटरीकडे जातो आणि ब्लॉक धन होतो.

हे मोजणे सोपे आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी सुई बॅटरीच्या ऋण खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच) आणि लाल सुई ब्लॉकच्या उघड्या धातूवर टेकवा. सेल्फ मारताना ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी यायला हवे. मग इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर लावा. तेव्हा आकडा ऋण चिन्हासह दिसेल आणि तो ०.१ च्या आत असावा. त्याच बरोबर बॅटरीचे व्होल्टेजही पाहा. विश्रांतीनंतर १२.६, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली नाही, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. बॅटरीच ढिली असेल तर पुढचे सगळे मोजमाप व्यर्थ आहे.

गॅरेजकर

दोघांचाही अभ्यास दिसतो, पण मी थोडी वेगळी बाजू मांडतो. वापरलेल्या इंजिनावरचे सेन्सर किती चालले, किती दिवस उघड्यावर पडून राहिले, इंजिन धुताना त्यांच्यावर किती पाणी मारले गेले, हे कोणालाच ठाऊक नसते. इंजिन बाहेर असताना क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) सेन्सरपर्यंत हात सहज पोहोचतो. बसवल्यावर तोच सेन्सर काढायला स्टार्टर उतरवावा लागतो. अशा वेळी क्रँक, कॅम आणि पाण्याच्या तापमानाचा सेन्सर नवीनच टाकून पुढे जाणे हा आळस नव्हे, व्यवहार आहे. क्रँक सेन्सरची गुंडाळी गरम झाल्यावर तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते, असे दोष मी पुरेसे पाहिले आहेत. मीटरवर तो सेन्सर थंड असताना निर्दोष दिसतो.

शून्य ओहम

इंजिन बाहेर असताना टाकले असते तर माझी हरकत नव्हती. येथे इंजिन बसले आहे आणि कोड क्रँक सेन्सरचा नाही. शिवाय बाजारात मिळणारा प्रत्येक नवा सेन्सर चांगलाच असतो असेही नाही. मग जुना दोष आणि नवा दोष एकमेकांत मिसळतात आणि शोध दुप्पट अवघड होतो.

गरम झाल्यावर तुटणाऱ्या गुंडाळीचा मुद्दा मात्र मान्य. दोन तारांच्या चुंबकीय सेन्सरचा रोध मोजता येतो. तीन तारांच्या हॉल सेन्सरवर ओहममीटर लावू नये. त्यातून काही कळत नाही. त्याला पुरवठा आणि अर्थ मिळतो का, आणि इंजिन फिरताना संकेताची तार वर-खाली उड्या मारते का, एवढेच पाहावे.

फिरता पाना

अर्थिंगच्या बाबतीत दोन गोष्टी जोडतो. वापरलेले इंजिन विकण्यापूर्वी धुऊन रंगवण्याची पद्धत आहे. रंग दिसायला छान असतो, पण अर्थच्या पट्टीचा डोळा रंगावर बोल्टने आवळला तर संपर्क होतो तो केवळ बोल्टच्या आट्यांतून, आणि तेथेही रंग शिरलेला असतो. बोल्ट कितीही घट्ट असला तरी उपयोग नाही. पट्टी काढा, तिच्या खालची जागा धातू चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाका, आवळा आणि मग वरून ग्रीस लावा.

दुसरे, काट्याचा सेन्सर किंवा ऑइल प्रेशरचा स्विच नव्या इंजिनात बसवताना कोणी आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळली आहे का ते पाहा. एकतारी सेन्सरचे अर्थिंग आट्यांतूनच होते. टेपने ऑइलची गळती थांबते आणि बहुधा सेन्सरही थांबतो.

जाता जाता आणखी एक. मुख्य पट्टी लावायची राहूनच गेली असेल तर स्टार्टरचा प्रवाह मिळेल त्या वाटेने परततो. गिअरची किंवा हँडब्रेकची केबल सेल्फ मारल्यावर गरम लागत असेल तर लगेच थांबावे.

आळशी अभियंता

चेक इंजिनच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावण्याचा पारंपरिक उपाय अद्याप कोणीच सुचवला नाही, याचे आश्चर्य वाटते. धागा वाचतो आहे.

नवशिक्या

माझी एक मूलभूत शंका आहे. मल्टीमीटर बीपवर ठेवून तारेचे एक टोक आणि दुसरे टोक जोडले आणि बीप वाजला, म्हणजे ती तार चांगली असे धरता येईल ना? मालवाहू यांनी सगळ्या तारा अशाच तपासल्या तर एका दुपारी काम होईल.

शून्य ओहम

नाही, आणि ही समजूत फार महागात पडते. तारेतले सगळे तंतू तुटून एकच शिल्लक असला तरी बीप वाजतो, कारण मीटर तारेतून अगदी नगण्य प्रवाह सोडतो. व्होल्टेज मोजतानाही तेच होते. मीटरचा स्वतःचा रोध सुमारे १ कोटी ओहम असतो, त्यामुळे एका तंतूतूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात आणि प्रत्यक्ष भार पडला की तेच व्होल्टेज कोसळते.

पुरवठ्याची आणि अर्थची तार तपासायची असेल तर तिच्यावर भार टाकावा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब त्यासाठी उत्तम आहे. तो जवळजवळ पावणेदोन अँपिअर ओढतो. बल्ब पूर्ण उजेड देत असेल आणि त्याच वेळी तारेच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेजची घट नगण्य असेल तरच ती तार चांगली. पण हा बल्ब पाच व्होल्टच्या तारेवर किंवा संकेताच्या तारेवर चुकूनही लावू नये. ईसीयूच्या आतला तो भाग इतक्या भारासाठी बनवलेला नसतो.

आणि मीटरची जाड सुई कप्लरच्या (तारांच्या प्लगच्या) मादी पिनांत खुपसू नका. पिना फाकतात, मग कप्लर बसलेला दिसतो पण पकड राहत नाही, आणि आपणच निर्माण केलेला दोष शोधत बसावे लागते. बारीक सुई मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने आत सरकवावी.

सेतू

माझ्या ओळखीतल्या एका गाडीत इंजिन बदलल्यावर स्कॅनर ईसीयूशी बोलतच नव्हता आणि यू०१००, म्हणजे ईसीयूशी संपर्क तुटला, हा कोड दुसऱ्या एका मॉड्यूलमध्ये सापडला. तेथे दोष कॅनच्या, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी ज्यांवरून बोलतात त्या, तारांत निघाला. तपासणी सोपी आहे: बॅटरी काढून ठेवावी आणि स्कॅनरच्या सॉकेटमधील ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये रोध मोजावा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असल्यामुळे ६० ओहम यायला हवा. १२० आला तर एका टोकाची वाट तुटली आहे, आणि शून्याच्या जवळ आला तर दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या आहेत.

तांब्याची तार

माहिती अचूक आहे, पण मालवाहू यांचा स्कॅनर ईसीयूकडून कोड वाचतो आहे आणि यू मालिकेतला एकही कोड त्यांनी दिलेला नाही. त्यामुळे कॅनच्या तारांना त्यांनी तूर्त हात लावू नये. आधीच पुष्कळ जागी हात लागले आहेत.

मालवाहू

सर्वांचे आभार. तांब्याची तार यांनी सांगितल्याप्रमाणे मोजले. सेल्फ मारताना ब्लॉक आणि बॅटरीचा ऋण खांब यांच्यात ०.९ व्होल्ट आले. इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर आकडा खरोखरच ऋण चिन्हासह आला: उणे ०.४. चिन्ह पालटलेले पाहून तुमचे स्पष्टीकरण पूर्णपणे समजले.

फिरता पाना यांचा अंदाजही बरोबर निघाला. अर्थची पट्टी जागेवर होती, बोल्ट घट्ट होता. पण पट्टी काढल्यावर तिच्या डोळ्याखाली राखाडी रंग जसाच्या तसा होता. वॉशरची बारीक कड तेवढी रंगात रुतली होती आणि तेवढ्याच जागी, नखाच्या कडेइतका, धातू दिसत होता. जागा घासून पट्टी पुन्हा लावली. आता सेल्फ मारताना ०.१५ येते आणि हेडलाइट लावल्यावर काटा हलत नाही.

स्टार्टर पूर्वीपेक्षा जोरात फिरतो, पण इंजिन पकडायला वेळ तेवढाच लागतो. चढावर ताकद जाणेही चालूच आहे. कोड पुसले होते; चारही परत आले.

गॅरेजकर

काटा सुटला हे छान झाले. आता एक वेगळा प्रश्न विचारतो, कारण धाग्यात अजून कोणी विचारलेला नाही. नव्या इंजिनाचे इंजेक्टर कोणते आहेत? ते इंजिनाबरोबर आले असतील तर प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर छापलेला कोड तुमच्या ईसीयूत भरला आहे का? तुमच्या ईसीयूत जुन्या इंजेक्टरचे कोड आहेत. ते जुळले नाहीत तर बहुधा दिवा लागत नाही, पण आयडलवर थरथर, ठोक आणि कधी धूर ही लक्षणे येतात आणि लोक उगीच सेन्सर शोधत बसतात. प्रत्येक सिलिंडरचा कोड त्याच सिलिंडरच्या रकान्यात जायला हवा. साध्या स्कॅनरने हे होत नाही, त्याला त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचा स्कॅनर लागतो.

शून्य ओहम

हा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि माझ्याकडून तो आला नसता. मालवाहू, हे अवश्य करून घ्या.

आता पाच व्होल्टकडे वळा. किल्ली चालू आणि इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सरचा कप्लर काढा आणि त्यातील पुरवठ्याच्या पिनेवर व्होल्टेज मोजा. ४.९ ते ५.१ असायला हवे. तसे असेल तर मीटर लावलेलाच ठेवून दुसऱ्या कोणाला तरी वायरिंगचा जुडगा ठिकठिकाणी हलवायला सांगा, विशेषतः इंजिनाच्या मागच्या बाजूला, जेथे हात जात नाही आणि म्हणून कोणी पाहतही नाही. तुमचा दोष चढावर येतो. चढावर इंजिन भाराखाली आपल्या रबरी माउंटिंगवर कलते. जी तार इंजिन आणि दुसरे काहीतरी यांच्यामध्ये सापडली असेल ती तेव्हाच दाबली जाते.

व्होल्टेज पडले तर त्या पुरवठ्यावरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढा. एखादा काढताच व्होल्टेज वर आले तर दोष त्या सेन्सरमध्ये. सगळे काढूनही पडलेलेच राहिले तर दोष तारेत. ईसीयूची पाळी त्यानंतर, आणि ती क्वचितच येते.

व्ही-आठ

पी०३४१ बद्दल. "त्याच मालिकेतले, काही वर्षे नंतरचे" हे शब्द वाचल्यावर माझे कान टवकारले. जनरल मोटर्सच्या एलएस कुटुंबातल्या व्ही-८ इंजिनांचे उदाहरण घ्या. ही इंजिने त्यांच्या पिकअपमध्ये वर्षानुवर्षे बसत आली. आधीच्या पिढीत क्रँक सेन्सर ज्याच्या खुणा वाचतो ते क्रँकशाफ्टवरचे चक्र २४ खुणांचे होते आणि नंतरच्या पिढीत ५८ दातांचे झाले. बाहेरून ब्लॉक इतके सारखे दिसतात की इंजिन जागेवर बोल्टने आवळले जाते, कप्लर बसतात आणि मग ईसीयूला क्रँकशाफ्ट कोठे आहे तेच कळत नाही. तेथे काळा सेन्सर म्हणजे २४ आणि करडा म्हणजे ५८, ही ओळखीची खूण आहे. करड्या सेन्सरच्या जागी काळा टाकून प्रश्न सुटत नाही, कारण फरक चक्रात असतो.

त्याच गाड्यांत इंजिन बदलल्यावर पी०३१५ हा कोडही दिसतो. ईसीयूने नव्या क्रँकशाफ्टच्या दातांतले सूक्ष्म फरक अजून शिकून घेतलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. स्कॅनरने ती शिकवणी करून घेतली की कोड जातो. ज्याला हे ठाऊक नसते तो क्रँक सेन्सर बदलतो.

मालवाहू यांचे डिझेल इंजिन अर्थातच वेगळे आहे. पण कॅमशाफ्टच्या पुलीवरच्या खुणा दोन्ही वर्षांत सारख्याच आहेत याची खातरजमा कोणी केली आहे का?

नवशिक्या

कॅम सेन्सरचा संकेत चुकीचा असेल तर इंजिन सुरूच कसे होते?

व्ही-आठ

अनेक ईसीयूंमध्ये पर्यायी मार्ग असतो. क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हा कॅमशाफ्ट एक घेतो. त्यामुळे केवळ क्रँकवरून पहिला पिस्टन वर आला हे कळते, पण तो ज्वलनासाठी आला की धूर बाहेर टाकण्यासाठी, हे कळत नाही. कॅमचा संकेत पटला नाही तर काही ईसीयू एका अंदाजाने इंधन सोडून पाहतात आणि इंजिनाने वेग घेतला की तो अंदाज बरोबर धरतात. म्हणूनच सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो आणि एकदा सुरू झाल्यावर इंजिन ठीक चालते. मालवाहू यांची पहिली तक्रार नेमकी हीच आहे.

गॅरेजकर

टायमिंग बेल्ट एका दाताने चुकला असेल तरीही कॅम आणि क्रँक जुळत नाहीत. तो तपासल्याशिवाय पुली-पुली करू नये.

शून्य ओहम

तपासावा, पण तशा चुकीला बहुधा पी००१६ येतो, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा परस्परमेळ नाही असा. तो येथे नाही, आणि इंजिन धूर न सोडता ओढते आहे.

जुने इंजिन अजून कोठे पडले असेल तर ते मोडीत देऊ नका. त्याच्याशी ताडून पाहण्याइतका स्वस्त पुरावा दुसरा नाही.

मालवाहू

थोडा उशीर झाला, पण सविस्तर सांगण्यासारखे आहे.

किल्ली चालू ठेवून मॅनिफोल्ड सेन्सरच्या कप्लरवर ५.०२ व्होल्ट आले आणि स्थिर राहिले. मग मित्राने पुढच्या बाजूपासून जुडगा हलवत नेला. मागच्या टोकाला, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याजवळ), त्याने जुडगा वर उचलताच आकडा ०.३ वर पडला आणि सोडताच पुन्हा पाचवर आला. त्या पुरवठ्यावरचे रेल प्रेशर आणि इतर सेन्सर काढूनही तेच होत होते, म्हणजे दोष तारेत.

आरसा आणि टॉर्च घेऊन पाहिल्यावर कारण दिसले. इंजिन उचलण्यासाठी हेडच्या मागे एक हूक असतो. इंजिन खाली बसवताना जुडगा त्या हुकाच्या आणि हेडच्या मध्ये आला होता. बाहेरची नालीदार नळी चपटी झाली होती. ती उघडल्यावर आतल्या एका तारेचे आवरण हुकाच्या कडेने अचूक रेघ मारल्यासारखे कापलेले दिसले; तांबे उघडे होते आणि त्यावर हिरवट छटाही आली नव्हती, म्हणजे जखम ताजी होती. बाकीच्या तारा दबल्या होत्या, पण कापलेल्या नव्हत्या. तार जोडून, उष्णतेने आवळणारी नळी चढवून जुडगा हुकाच्या वरून नेला आणि क्लिपमध्ये अडकवला. त्यानंतर भरलेल्या गाडीने तोच चढ चढून पाहिला. ताकद गेली नाही आणि पी०६४२, पी०१९२ व पी०१०७ हे तिन्ही कोड परत आले नाहीत.

पी०३४१ कायम आहे. जुन्या इंजिनाचा कॅम सेन्सर लावून पाहिला, फरक शून्य. जुने इंजिन सुदैवाने अजून शेडमध्येच आहे. दोन्हीकडची झाकणे काढून कॅमच्या पुल्या पाहिल्या. जुन्या पुलीच्या मागच्या कड्यावरच्या उंचवट्यांची मांडणी आणि नव्या पुलीची मांडणी सरळ सरळ वेगळी आहे. टायमिंगच्या खुणा मात्र बरोबर जुळलेल्या आहेत.

आळशी अभियंता

म्हणजे तीन तक्रारी, तीन वेगळे दोष, आणि त्यांपैकी एकाही दोषात सेन्सर नाही! चिकटपट्टीचा माझा अप्रत्यक्ष प्रस्ताव मी मागे घेतो.

व्ही-आठ

अपेक्षेप्रमाणेच. आता दोन मार्ग आहेत. जुनी पुली नव्या इंजिनावर चढवणे, किंवा नंतरच्या वर्षाचा ईसीयू आणणे. दुसऱ्या मार्गात इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) आडवा येतो. ईसीयू, किल्लीतली चिप आणि गाडीतले मॉड्यूल यांची जोडी जुळवून घ्यावी लागते, आणि वायरिंगच्या पिनाही सारख्याच असतील याची खात्री नसते. पुलीचा मार्ग बरा.

गॅरेजकर

पुली बदलताना काही पथ्ये पाळा. दोन्ही पुल्या टेबलावर एकमेकींवर ठेवून दातांची संख्या, व्यास, चावीच्या खाचेची जागा आणि टायमिंगची खूण यांची तुलना आधी करा. खाच काही अंशांनी जरी फिरलेली असेल तर ती पुली वापरू नका. बेल्ट उतरवण्यापूर्वी क्रँक आणि कॅम दोन्ही लॉकिंग पिनांनी बांधा. या इंजिनांत टायमिंग चुकले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि मग चर्चा विजेच्या दोषांची राहत नाही. बेल्ट उतरतोच आहे तर बेल्ट आणि टेन्शनर नवीन टाका. बसवल्यावर सेल्फ मारण्याआधी पान्याने क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा जुळतात का पाहा.

सेन्सर बदलण्याबद्दलचे माझे मत मात्र मी बदललेले नाही. इंजिन बाहेर असेल तर क्रँक सेन्सर नवीनच टाकावा.

तांब्याची तार

त्या अटीसह मीही सहमत आहे.

नवशिक्या

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण माझ्याही गाडीचे इंजिन बदलायचे आहे. सुरुवात कोठून करावी याचे उत्तर मला असे समजले: कोड लिहून ठेवणे, बॅटरी, अर्थ, मग सामायिक पुरवठा, आणि मग उरलेला कोड. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर या क्रमात कोठे येतो?

शून्य ओहम

तो स्कॅनरवरच अर्धा तपासून होतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत किल्ली चालू करा आणि पाण्याचे, इंधनाचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहा. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा उणे ४० दाखवत असेल तर त्याची तार तुटली आहे किंवा कप्लर लावायचा राहिला आहे. एखादा अवास्तव जास्त दाखवत असेल तर शॉर्ट आहे. शंका आलीच तर सेन्सर काढून रोध मोजा: बहुतेक सेन्सरमध्ये २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम आणि ८० ते ९० अंशांना दोनशे ते साडेतीनशे ओहम येतो. त्याच वेळी मॅनिफोल्ड प्रेशरचा आकडाही पाहून घ्या. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतकाच असला पाहिजे, समुद्रसपाटीला साधारण १०० किलोपास्कल.

इंजिन उतरवण्याआधी प्रत्येक कप्लरचे छायाचित्र काढा आणि त्यावर कागदी पट्टीने क्रमांक लिहा. सारखे दिसणारे दोन कप्लर शेजारी असतील तर ते अदलाबदल होण्याची पूर्ण शक्यता असते.

मालवाहू

गॅरेजकर यांच्या सूचनेप्रमाणे दोन्ही पुल्या ताडून पाहिल्या. दात, व्यास आणि खाच सारखीच निघाली. जुनी पुली, नवा बेल्ट आणि नवा टेन्शनर बसवला आहे. आता किल्ली फिरवताच इंजिन सुरू होते आणि पी०३४१ परत आलेला नाही. इंजेक्टरचे कोड दुसरीकडे भरून घेतले. चारही रकान्यांत जुन्याच इंजिनाचे कोड होते. आयडलची जी थरथर मी नव्या माउंटिंगवर ढकलत होतो ती त्यामुळे गेली.

फिरता पाना, तुमच्यासाठी खास: ऑइल प्रेशरच्या स्विचच्या आट्यांवर टेप निघाली. किल्ली चालू केल्यावर ऑइलचा दिवा लागतच नव्हता, हे तोवर कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

फिरता पाना

टेप काढून स्विच तांब्याच्या नव्या वॉशरवर बसवा, आणि एकदा दाबमापक लावून ऑइलचा खरा दाब मोजून घ्या. तो दिवा किती दिवस मुका होता हे माहीत नाही, आणि वापरलेले इंजिन आहे.